हप्ता बारमाही, कमाई हंगामी

१६ मार्च २०१८ रोजी गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारीच्या निकालात ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं होतं आणि काम बंद करायला ही तारीख दिली होती. डिचोली तालुक्यातल्या पाळी, वेळगे, सुर्ला, शिरगाव या गावांना निकालाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. खनिज नेणारे ट्रक दारात उभे राहिले. हा फटका पहिलाही नव्हता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने खाणी थांबवल्या होत्या. २०१४च्या एप्रिलमध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१५ उजाडलं. सहा वर्षांत दोनदा कमाई बंद पडली.

ट्रक थांबला, पण हप्ता थांबला नाही. चीनकडून मागणी होती तेव्हा, म्हणजे २०१२पूर्वीच्या तेजीत, अनेकांनी कर्जावर ट्रक घेतले होते, घरं वाढवली होती. ती कमाई कायमची आहे असंच सगळे धरून चालले होते, बँकाही. पुढे राज्य सरकारला खाणबाधित कर्जदारांसाठी खास दिलासा योजना आणावी लागली. त्या काळात एकाच वाड्यावरच्या दोन घरांत फरक पडला तो बऱ्याचदा एवढाच, की एकाचं कर्ज तेजीतच फिटलं होतं आणि दुसऱ्याचं बाकी होतं. ज्याचं फिटलं होतं त्याचीही कमाई बुडाली, पण घर सुरक्षित राहिलं.

पेडणे तालुक्याची गोष्ट वेगळी, पण मुद्दा तोच. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्याच्या गावांत पैसा येतो तो साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत. पावसाचे चार महिने हात आखडता. मार्च २०२० मध्ये तर भर हंगामातच टाळेबंदी आली. आतल्या गावांत काजूचं उत्पन्न उन्हाळ्यात एकदाच हाती लागतं. मोपाच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. त्यामुळे नोकऱ्या आल्या, टॅक्सी आल्या, जमिनीचे भाव चढले, आणि त्याबरोबर कर्जंही आली.

या दोन्ही तालुक्यांत कमाई खाली-वर होते आणि हप्ता मात्र बारा महिने सारखाच राहतो. म्हणून या प्रकरणाचं सांगणं एका वाक्यात असं: हात चालता असेल त्या दिवसांत हप्त्यापेक्षा जास्त भरा, ते पैसे मुद्दलात जमा करून घ्या आणि कर्जाची मुदत तोडा. हे कसं करायचं, कधी करायचं आणि कधी मुळीच करायचं नाही, ते आता पाहू.

हप्त्याच्या पोटात काय असतं

समजा, ३० लाखांचं गृहकर्ज आहे, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता बसतो २६,०३५ रुपये. बँकेकडून कर्जखात्याचा उतारा काढून पहिल्या महिन्याची ओळ वाचा. २६,०३५ पैकी २१,२५० रुपये व्याजात गेलेले दिसतील. मुद्दलातून वजा झाले फक्त ४,७८५.

पहिलं वर्ष संपतं तेव्हा तुम्ही ३ लाख १२ हजारांच्या वर भरलेले असतात. त्यातले सुमारे २ लाख ५२ हजार ७०० व्याजाचे. मुद्दल उतरतं सुमारे ५९,७०० रुपयांनी. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले आणि बाकी अजून २९ लाख ४० हजार दिसते, तेव्हा बँकेने काही गफलत केली असावी असं अनेकांना वाटतं. गफलत नसते. व्याज बाकी असलेल्या मुद्दलावर लागतं. सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून व्याज मोठं. हप्ता ठरलेला, म्हणून मुद्दलाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

हे पारडं फिरायला फार काळ लागतो. या कर्जात हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजाच्या भागापेक्षा मोठा होतो तो बारावं वर्ष संपत आलं असताना. निम्मं मुद्दल, म्हणजे १५ लाख, फिटायला १३ वर्षं १० महिने जातात. वीस वर्षांत एकूण व्याज होतं सुमारे ३२ लाख ४८ हजार, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षाही जास्त. आपल्याकडच्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत. आजच्या गृहकर्जाला हा नियम लागू पडत नाही, कारण व्याज थकत नाही, ते महिन्याच्या महिन्याला चुकतं होत जातं. त्यामुळे व्याज दामदुपटीच्या पलीकडे गेलं तरी ते कुणाला टोचत नाही.

लवकर भरलेल्या रुपयाची ताकद

हप्त्याव्यतिरिक्त भरलेली रक्कम थेट मुद्दलातून वजा होते. त्या रकमेवर पुढच्या सगळ्या वर्षांत लागणारं व्याज त्या क्षणी संपतं. वर्षं जितकी जास्त उरलेली, तितका फायदा मोठा.

वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी २ लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज ३४ महिने आधी संपतं आणि व्याजाचे सुमारे ६ लाख ८७ हजार वाचतात. तेच २ लाख दहाव्या वर्षाच्या शेवटी भरले, तर सुमारे १७ महिने आणि २ लाख ४० हजार वाचतात. दोन्ही वेळी त्या पैशाने ८.५ टक्क्यांनीच काम केलं. फरक पडला तो त्याला मिळालेल्या वर्षांचा.

सरकारनेही हेच तत्त्व वापरलं होतं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं व्याज-अनुदान, कमाल २ लाख ६७ हजारांपर्यंतचं, दर महिन्याला थोडं थोडं न देता एकरकमी कर्जखात्यात जमा केलं जाई, म्हणजे सुरुवातीलाच मुद्दल कमी होई.

एकरकमी २ लाख प्रत्येकाकडे नसतात. त्यांच्यासाठी साधा मार्ग म्हणजे वर्षाला एक हप्ता जास्तीचा, बारा महिन्यांत तेरा हप्ते. चवथीच्या आधी मिळणारा बोनस किंवा पगारवाढीची थकबाकी त्यासाठी पुरते. एवढ्यानेच २० वर्षांचं कर्ज १६ वर्षं ९ महिन्यांत फिटतं आणि ६ लाखांहून जास्त व्याज वाचतं.

हंगामी कमाईच्या घरासाठी हिशेब असा मांडता येईल. मांद्र्यातलं एखादं घर धरा. नवरा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, त्याच्या पगारातून हप्ता जातो. बायको घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. मे महिना संपताना खर्च वजा जाऊन जे उरेल त्यातले ५० हजार दर वर्षी मुद्दलात भरायचे. कर्ज सुमारे १४ वर्षं ७ महिन्यांत संपतं. जादा भरलेली रक्कम ७ लाख, वाचलेलं व्याज सुमारे ९ लाख ९० हजार, आणि हप्त्याविना मोकळी मिळालेली वर्षं पाचांहून अधिक.

मुदत कमी करायची की हप्ता?

जादा पैसे भरले की बँक विचारते: हप्ता कमी करायचा की मुदत? पुष्कळदा विचारतही नाही, आपल्या पद्धतीने एक पर्याय लावून टाकते. या एका प्रश्नावर लाखोंचा फरक पडतो.

पहिल्या वर्षाच्या शेवटी भरलेले तेच २ लाख घ्या. मुदत कमी केली तर वाचतात सुमारे ६ लाख ८७ हजार. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता सुमारे १,७७० रुपयांनी उतरतो आणि वाचतात सुमारे २ लाख ४ हजार. सुटणारे १,७७० रुपये महिन्याच्या खर्चात कुठे जिरतात ते कळतही नाही.

हप्ता कमी करणं ज्यांना योग्य असे लोकही आहेत. नोकरी डळमळीत आहे, घरात आजारपण आहे, कमावणारा एक कमी झाला आहे, तिथे महिन्याचा भार हलका होणं जास्त महत्त्वाचं. बाकीच्यांनी शाखेत लेखी अर्ज द्यावा: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, मासिक हप्ता आहे तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी.’ अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. मग नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख खरोखर अलीकडे आली का, ते पाहावं. ऑनलाइन भरतानाही रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहिली का मुद्दलात गेली, हे उताऱ्यावर तपासावं. आगाऊ पडलेल्या रकमेने मुद्दल हलत नाही.

दंड लागतो का?

मुदतीआधी कर्ज फेडलं तर बँक दंड घेते, ही भीती अजून घराघरांत आहे. एके काळी ती खरी होती. ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवरचा मुदतपूर्व फेडीचा आकार बँकांना बंद करायला लावला. ७ मे २०१४ रोजी ही सवलत व्यक्तींच्या बदलत्या दराच्या सगळ्या मुदत कर्जांना मिळाली. जुलै २०२५ मध्ये आणखी व्यापक आदेश निघाला. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या, व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्या यांपैकी कुणीही असा आकार घेऊ शकत नाही. पैसे कुठून आणले, हेही विचारायचं नाही.

स्थिर दराच्या कर्जाला मात्र आकार असू शकतो. वाहनकर्जं बहुधा स्थिर दराची असतात, म्हणून ट्रक किंवा टॅक्सीचं कर्ज आधी फेडताना मंजुरीपत्रातली अट वाचावी. पतसंस्थांचं तर वेगळंच आहे. त्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. गोव्यात त्या २००१च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखाली चालतात. तिथे पोटनियम विचारावेत आणि आणखी एक प्रश्न हटकून विचारावा: व्याज घटत्या बाकीवर आहे की सपाट दराने? सपाट दरात पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज धरतात. पाच वर्षांच्या कर्जाला ८ टक्के सपाट म्हणजे घटत्या बाकीच्या हिशेबाने १४ टक्क्यांच्या आसपास. अशा कर्जात मुदतीआधी फेडल्यावर उरलेलं व्याज किती माफ होणार, हे कर्ज घेण्यापूर्वीच लिहून घ्यावं.

दर चढतो तेव्हा

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडली गेली. मे २०२२ पर्यंत रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. बहुतेक कर्जदारांना त्याची झळ लागलीच नाही, कारण बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली.

यातला धोका आकड्यांत पाहा. ७ टक्क्यांनी ३० लाख घेतले तर २० वर्षांचा हप्ता २३,२५९ रुपये. दर ९.५ झाला की ३० लाखांवरचं एका महिन्याचं व्याजच होतं २३,७५० रुपये. हप्ता व्याजालाही पुरत नाही, आणि भरत असतानाच कर्ज वाढत जातं. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने यावर बंधनं घातली. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यायची. मुदत वाढवताना कर्ज फुगता कामा नये. आणि कर्जाचा काही भाग किंवा सगळं कर्ज मध्येच फेडण्याचा पर्याय कायम ठेवायचा.

२०२५ मध्ये रेपो उतरला, डिसेंबरमध्ये ५.२५ टक्के झाला. दर उतरतो तेव्हा कष्टाविना जादा भरणा करता येतो. बँक हप्ता कमी करू पाहील. तिला जुनाच हप्ता चालू ठेवायला सांगा. ज्या हप्त्याची घराला सवय झाली आहे त्यातूनच जास्त मुद्दल फिटत जाईल.

याच्या उलट काय होतं ते टाळेबंदीने दाखवलं. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते न भरण्याची मुभा होती. व्याजावरच्या व्याजाची भरपाई पुढे २ कोटींपर्यंतच्या कर्जांना सरकारने दिली, पण मूळ व्याज कर्जातच मिळालं. नव्याने घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जावर ८.५ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज होतं १ लाख २७ हजार ५००. हप्ता तोच ठेवला तर २४० हप्त्यांचं कर्ज २७० हप्त्यांवर जातं. सहा महिन्यांच्या सवलतीची किंमत तीस हप्ते. ज्यांचा धंदाच बंद होता त्यांना पर्याय नव्हता. हाताशी थोडी शिल्लक असलेल्यांनी मात्र ती त्या वेळी वापरायला हवी होती, आणि अशी शिल्लक का ठेवायची याचं उत्तर यातच आहे.

आधी काय, मग काय

जादा भरणा करण्यापूर्वी तीन गोष्टी झालेल्या असाव्यात.

पहिली, सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम बँकेत, लगेच काढता येईल अशी. साध्या गृहकर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. सगळी शिल्लक मुद्दलात घातली आणि दोन महिन्यांनी नोकरी गेली, तर कर्ज कमी झालेलं असूनही हप्ता चुकतो. डिचोलीने हे दोनदा आणि पेडण्याने एकदा पाहिलं आहे.

दुसरी, महाग कर्ज आधी फेडणं. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत व्याज पडतं. वैयक्तिक कर्ज, सोनेतारण, दुकानातल्या वस्तूंचे हप्ते हे सगळं बहुधा गृहकर्जापेक्षा महाग. सर्वांत महाग ते आधी, गृहकर्ज शेवटी.

तिसरी, कमावत्या माणसाचा मुदत विमा, किमान कर्जाच्या बाकीएवढा. कर्ज वीस वर्षांचं आणि आयुष्याचा भरवसा कुणालाच नाही; मागे राहणाऱ्यांवर घर विकायची पाळी येऊ नये.

यानंतर प्रश्न येतो: कर्जात भरावं की गुंतवावं? ८.५ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे ८.५ टक्के निश्चित मिळवणं, आणि या मिळकतीवर कर नाही. मुदत ठेवीचं व्याज बहुधा त्याहून कमी असतं आणि ते करपात्र असतं. म्हणून कर्ज असताना, गरजेपुरती शिल्लक सोडून, मोठ्या मुदत ठेवी बाळगण्यात तोटा आहे. भविष्य निर्वाह निधीचं तसं नाही. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के जाहीर झाले, तेही बहुतेकांना करमुक्त. ती वर्गणी थांबवू नये. शेअर बाजारातल्या योजना दीर्घ काळात याहून जास्त देऊ शकतात, पण हमी नाही, आणि उत्पन्न हंगामी असेल तर पडत्या बाजारात विकायची वेळ येण्याचा धोका मोठा. तरुण, पक्की नोकरी असलेल्या माणसाने दोन्हीकडे वाटून पैसे घालावेत. पन्नाशी गाठलेल्याने निवृत्तीपूर्वी कर्ज संपेल असंच पाहावं.

‘कर्ज फेडलं तर कराची सवलत जाईल’ हे वाक्य पगारदारांच्या तोंडी हमखास असतं. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्यात मिळत नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करच भरावा लागत नाही. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतल्या बहुतेक नोकरदारांसाठी हा मुद्दा उरलेलाच नाही. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्यांना ८.५ टक्क्यांचं कर्ज वजावटीच्या मर्यादेत सुमारे ६.७ टक्क्यांना पडतं, एवढं लक्षात घेऊन त्यांनी ठरवावं. पण १०० रुपयांवर २० रुपयांचा कर वाचावा म्हणून १०० रुपये व्याज भरत राहणं शहाणपणाचं नाही.

गोव्याची एक बाब इथे वेगळी आहे. पोर्तुगीज नागरी संहितेतली सामायिक मालमत्तेची पद्धत ज्या पतीपत्नींना लागू आहे, त्यांचं पगाराव्यतिरिक्त उत्पन्न आयकर कायद्यानुसार दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जातं. घराचं भाडं असो किंवा गृहकर्जाच्या व्याजाने दिसणारी तूट, ती दोघांच्या विवरणपत्रांत अर्धी-अर्धी येते. म्हणून कर्ज फेडायचा निर्णय करसल्लागाराकडे दोघांचे कागद एकत्र ठेवूनच घ्यावा. कर्जाच्या कागदांवरही दोघांच्या सह्या असतात. तेव्हा बाकी किती, दर किती, मुदत कधी संपते हे दोघांनाही तोंडपाठ हवं.

हंगामाच्या पैशाला जागा

हंगामी उत्पन्नवाल्यांची खरी अडचण अशी, की मे महिन्यात हातात असलेला पैसा कर्जात भरावा तर पावसात लागला तर काय? यासाठी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज उपयोगी पडतं. स्टेट बँकेचं ‘मॅक्सगेन’ या प्रकारचं आहे, इतर काही बँकांकडेही अशी खाती असतात. यात जादा पैसे कर्जखात्यालाच ठेवायचे. जितके दिवस ते तिथे असतील तितके दिवस तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की काढता येतात. दर थोडा जास्त असू शकतो, म्हणून मोठी रक्कम अनेक महिने पडून राहणार असेल तरच ही सोय परवडते. शॅक, गेस्ट हाऊस, टॅक्सी, काजू-बागायत अशा घरांना ती जुळते.

दुसरा पैसा जमिनीचा. विमानतळासाठी, रस्त्यांसाठी पेडण्यात जमिनी गेल्या, काहींनी स्वतः विकल्या. हा पैसा आयुष्यात एकदाच येतो. त्यातून घराचं कर्ज पूर्ण फिटत असेल तर फेडून टाकावं. जमीन परत येणार नाही. निदान घर तरी पूर्णपणे आपलं व्हावं.

डिचोलीत खाणीचा पैसा पुन्हा येऊ लागला आहे. डिचोलीचा खाणपट्टा २०२२च्या डिसेंबरात लिलावात गेला आणि २०२४ मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं. या वेळी ट्रकची फेरी सुरू होताच नवं कर्ज काढण्यापूर्वी जुनं उतरवावं, हा २०१२ आणि २०१८चा धडा आहे.

ज्यांना गृहकर्जच मिळत नाही

स्वस्त गृहकर्ज मिळायला जमिनीचा दस्त स्वच्छ लागतो. जमिनीच्या हक्कनोंदीच्या, म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव हवं, रूपांतराची सनद हवी. या दोन तालुक्यांत अशी कितीतरी घरं आहेत जिथे घर आपलं, पण जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या नावावर. अशा घरांत राहणाऱ्या मुंडकारांना १९७५च्या कायद्याने घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, जागा विकत घेण्याचा हक्क दिला. पण तो हक्क बजावून कागद नावावर झाला नसेल तर बँक ते घर तारण घेत नाही. डिचोलीतल्या मयेत तर बरीच जमीन गोवामुक्तीनंतर दशकानुदशकं निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात राहिली. २०१४च्या कायद्याने मालकीचा मार्ग उघडला.

असे लोक दुरुस्तीसाठी सोनं ठेवतात, नाहीतर महाग वैयक्तिक कर्ज काढतात. त्यांच्यासाठी लवकर फेडीचा नियम आणखी कडक लागू होतो, कारण १४ टक्क्यांच्या कर्जात अडकलेला प्रत्येक महिना ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त खातो. आणि जादा पैशाचा पहिला हक्क जमिनीच्या कागदांचा. मामलेदार कचेरीतलं मुंडकारपणाचं प्रकरण मार्गी लागलं की पुढच्या पिढीला निम्म्या-पाऊण दराने कर्ज मिळू शकतं.

शेवटचा हप्ता भरल्यावर

कर्ज फिटलं म्हणजे काम संपलं असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत बँकेने सगळे मूळ दस्त परत करायचे आणि नोंदणीतला बोजा उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. दस्त हरवला तर नक्कल मिळवण्याचा खर्चही बँकेचा.

म्हणून फेडीच्या दिवशीच लेखी मागणी करा. ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घ्या. मंजुरीच्या वेळी दिलेल्या कागदांची यादी घेऊन एकेक दस्त ताडून पाहा. तारण मालमत्तांच्या ‘सरसाय’ (CERSAI) या केंद्रीय नोंदणीतून नोंद काढल्याचा पुरावा मागा. उपनिबंधकाकडे बोजा नोंदलेला असेल तर तो उतरवून निरंक दाखला काढा. कर्जाची नोंद बंद झाल्याचं दोन-तीन महिन्यांनी पतअहवालात तपासा. दहा वर्षांनी वारसांना खेटे घालावे लागतात ते याच कामांत कुणीतरी हयगय केल्यामुळे.

आज संध्याकाळी घरातल्यांना जवळ बसवून कर्जखात्याचा ताजा उतारा उघडा. तीन आकडे कागदावर लिहा: बाकी मुद्दल, चालू दर, शेवटच्या हप्त्याची तारीख. सहा महिन्यांची शिल्लक बाजूला असेल आणि महाग कर्ज नसेल, तर या हंगामात कितीही थोडी रक्कम असो, ती मुद्दलात भरा आणि मुदत कमी करण्याचा अर्ज द्या. खाण कधी थांबेल, पर्यटक कधी येणार नाहीत, हे तुमच्या-आमच्या हातात नाही. ते दिवस येण्याआधी घर मोकळं करून ठेवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि ते पैसा येत असतानाच करावं लागतं.